आधी हात खिशात

मागच्या अंकात घटनास्थळ पथकाच्या कामाबद्दल मी दोन पानं लिहिली होती. २७ वर्षं मी हेच काम केलं. घरफोड्या, आगी, अपघात, खून, आणि शेवटी गुन्हा झालाच नव्हता असं निघालेली कितीतरी ठिकाणं. त्या लेखावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेते. एका वाचकाने तक्रार केली आहे की लेखात थरार कमी आणि मोजपट्टी जास्त होती. कबूल. कामातही तेच प्रमाण असतं.

प्रश्न : ताई, मालिकांमध्ये पथक गाडीतून उतरतं आणि थेट मृतदेहाकडे जातं. तुम्ही खरोखर सगळ्यात आधी काय करता? (बारावीतली एक वाचक)

हात खिशात घालते. थट्टा नाही करत. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवलेली पहिली गोष्ट ही. दारात उभं राहायचं, हात खिशात, आणि पाच मिनिटं नुसतं बघायचं. आपल्या हाताला वाईट खोड असते. पडलेलं दिसलं की उचलतो, दार अर्धवट दिसलं की लोटतो, दिवसा दिवा जळताना दिसला की बटण बंद करतो. खिशातला हात यातलं काही करत नाही.

मग तिथे सर्वांत आधी पोहोचलेल्या पोलिसाला गाठायचं. तू कुठून आत गेलास, कशाला हात लावलास, दिवा लागलेला होता की तू लावलास, खिडकी उघडी होती की तू उघडलीस? हे विचारायचा कंटाळा केला की काय होतं ते सांगते. एका घरात मागची खिडकी सताड उघडी होती. आम्ही दोघींनी त्या चौकटीवर सव्वा तास घालवला. ठशांसाठी पावडर झाली, कापसाच्या बोळ्याने नमुने टिपून म्हणजे स्वॅब घेऊन झाले, बाहेरच्या मातीत पाऊल शोधून झालं. संध्याकाळी कळलं की आधी येऊन गेलेल्या डॉक्टरांनी वास सहन होईना म्हणून ती उघडली होती. त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर वाट ठरवायची. आत जायला जी वाट आपल्याला सोयीची, तीच आलेल्या माणसालाही सोयीची असणार. म्हणून आम्ही मुद्दाम गैरसोयीची वाट धरतो, भिंतीच्या कडेकडेने, आणि जमिनीवर छोटे पाट मांडत त्यांच्यावरून चालतो. पुढे तास न् तास सगळ्यांनी त्याच वाटेने जायचं आणि यायचं. दाराशी एकजण वही घेऊन बसतो. कोण आत गेलं, किती वाजता, कशासाठी, किती वाजता बाहेर आलं. मोठ्या साहेबांनाही सही चुकत नाही. सही करावी लागणार म्हटल्यावर निम्मे साहेब दारातूनच पाहून परततात. वहीचा हा दुसरा फायदा कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही.

मग फोटो. आधी खोलीच्या चारही कोपऱ्यांतून, मग मधल्या अंतरावरून, मग जवळून. टेबलावर पेला असेल तर पहिल्या फोटोत खोली, दुसऱ्यात टेबल आणि त्यावरचा पेला, तिसऱ्यात नुसता पेला. नुसता जवळचा फोटो कामाचा नसतो. तो पेला जगातल्या कुठल्याही टेबलावरचा असू शकतो. जवळचा फोटोही दोनदा काढायचा, एकदा मोजपट्टीशिवाय आणि एकदा मोजपट्टी ठेवून. नाहीतर पुढे कोणीतरी विचारतंच, "पट्टीखाली काय लपलं होतं?" फोटोंनंतर हाताने आराखडा. फोटोत अंतरं फसवी दिसतात. आराखड्यात प्रत्येक वस्तूचं अंतर दोन पक्क्या जागांपासून मोजलेलं असतं, म्हणजे दाराची चौकट, भिंतीचा कोपरा वगैरे. टेबल हलेल, भिंत हलत नाही.

एवढं झालं की हात खिशातून बाहेर येतात आणि हातमोज्यात जातात. उचलण्याचा क्रम साधा आहे, आधी नासेल ते आधी. बाहेर आभाळ भरून आलं असेल तर घरातला पेला थांबू शकतो, अंगणातलं पाऊल नाही.

प्रश्न : आमच्याकडे घरफोडी झाली. दोघं आले, कपाटाला आणि खिडकीला काळी पावडर फासली, अर्ध्या तासात "ठसे मिळाले नाहीत" म्हणून निघून गेले. चोराने कपाट उघडलं म्हणजे हात लावलाच असेल ना? त्यांनी टाळाटाळ केली का? शिवाय ती पावडर अजून निघत नाही. (एक गृहिणी)

टाळाटाळ केली असेलही. पण ठसा न मिळणं हा आमच्या कामातला रोजचा अनुभव आहे, म्हणून आधी त्यांची बाजू मांडते.

हात लागला म्हणजे ठसा उमटला असं नसतं. बोटाचा ठसा म्हणजे बहुतांशी घाम, आणि घाम म्हणजे बहुतांशी पाणी. ते उडून गेलं की मागे राहतात थोडे क्षार, थोडी अमिनो आम्लं, आणि चेहऱ्याला किंवा केसांना हात लावलेला असला तर थोडा तेलकटपणा. पावडर धरून ठेवायचं काम या उरलेल्या थराचं. बोटं अगदी कोरडी असतील, हातमोजे असतील, पृष्ठभाग खरखरीत असेल किंवा धुळीने भरलेला असेल, तर पावडरीला धरायला काही मिळत नाही. आणि हात घसरला असेल तर ठशाऐवजी फराटा मिळतो. तुमच्या कपाटाच्या मुठीला घरातल्या सगळ्यांचे हात रोज लागतात. तिथे एकावर एक इतके ठसे बसलेले असतात की शाळेतला फळा न पुसता वर्षभर लिहीत राहावं तसं होतं.

काच असेल तर मात्र आम्हाला हुरूप येतो. एकदा जवळून बघा कसं करतो ते. आधी पावडर नाही, फक्त बॅटरी. बॅटरी काचेला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड सोडायचा आणि डोकं हलवत राहायचं. एका कोनात काहीच दिसत नाही. मान बोटभर वळवली की राखाडी रेषांचा गोल दिसतो, पुन्हा वळवली की गायब. जागा कळली की मऊ ब्रशच्या टोकाला अगदी कणभर पावडर घ्यायची, आधी कागदावर झटकायची आणि मग काचेवरून इतका हलका हात फिरवायचा की केस काचेला लागतायत की नाही अशी शंका यावी. नवशिके इथेच घाबरून जास्त पावडर घेतात आणि रेषांमधल्या फटी बुजतात. रेषा दिसू लागल्या की ब्रश रेषांच्या दिशेने वळवायचा. फोटो. मग चिकटपट्टी एका कडेपासून अंगठ्याने दाबत दाबत बसवायची, मध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तर नेमका तो मध्यावरच राहतो. एका दमात उचलायची आणि कार्डावर चिकटवायची. त्या मिनिटभरात मी श्वास घेत नसे. तसा नियम नाही, पण बरोबरीचे सगळे तेच करायचे.

१९०२ मध्ये लंडनमध्ये एका घरातून बिलियर्डचे चेंडू चोरीला गेले. खिडकीच्या चौकटीला नुकताच रंग दिला होता आणि चोराच्या डाव्या अंगठ्याचा ठसा त्या ओल्या रंगात राहिला. ठशांच्या आधारावर ब्रिटनमध्ये झालेली ती पहिली शिक्षा, ७ वर्षांची. दर वेळी असा ओला रंग मिळाला असता तर आम्हाला ब्रश लागलाच नसता.

आता तुम्हाला विचारण्यासारखा प्रश्न असा : त्यांनी घरातल्या माणसांचे ठसे घेतले का? तपासात वगळण्यासाठी ते घ्यावे लागतात. आणि चोर जिथून आत शिरला ती जागा आणि त्याने हलवलेल्या पण तुम्ही एरवी हात न लावणाऱ्या वस्तू त्यांनी पाहिल्या का? अडगळीतल्या डब्याची आतली बाजू मुठीपेक्षा कितीतरी उपयोगी असते. हे दोन्ही केलं नसेल तर तुमचा राग रास्त आहे.

पावडरीवर ओलं फडकं फिरवू नका, ती आणखी पसरते आणि भेगांत बसते. आधी व्हॅक्यूमने किंवा कोरड्या मऊ ब्रशने उचला आणि मग साबणाच्या पाण्याने पुसा. खरं म्हणजे हे आमच्या माणसांनी निघताना सांगायला हवं. आम्ही पसारा करून निघून जातो ही तक्रार मी २७ वर्षं ऐकली, आणि ती खरी आहे.

प्रश्न : निळ्या दिव्याखाली रक्त चमकतं, हे खरं का? (एक निवृत्त विज्ञानशिक्षक)

सर, मालिकावाल्यांनी दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे.

ल्युमिनॉल नावाचं रसायन फवारलं की रक्ताच्या जागी निळसर उजेड दिसतो हे खरं, पण त्याला दिवा लागत नाही. उलट पूर्ण अंधार लागतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह त्या रासायनिक क्रियेला चालना देतं आणि उजेड त्या क्रियेतूनच निघतो. तोही अर्धा मिनिट टिकला तर टिकला. त्यामुळे कॅमेरा तिपाईवर आधीच लावून, फोकस करून, मगच फवारायचं. धुऊन काढलेल्या फरशीवर पुसण्याचे फराटे अंधारात उमटताना मी पाहिले आहेत. कोणी कुठल्या दिशेने फडकं फिरवलं तेसुद्धा कळतं. पण कपडे आणि फरशी स्वच्छ करायच्या क्लोरीनच्या ब्लीचनेही ल्युमिनॉल चमकतं, तांब्यानेही चमकतं. म्हणजे चमकलं एवढ्यावर "रक्त" असं लिहायचं नाही. "रक्त असू शकेल" एवढंच.

दिव्याखाली रक्त चमकत नाही, ते उजेड शोषतं. ४१५ नॅनोमीटरच्या आसपासच्या जांभळ्या उजेडात तर फारच. त्यामुळे गडद कापडावरचा डाग अशा दिव्याखाली आणखी काळा दिसतो आणि म्हणून उठून दिसतो. जे चमकतं ते लाळ, वीर्य, काही धागे, आणि धुण्याच्या पावडरीतले उजळपणा आणणारे पदार्थ. पहिल्यांदा दिवा घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरलेल्या प्रत्येकाला वाटतं की सगळीकडे पुरावाच पुरावा आहे. ती चादर असते, नुकतीच धुतलेली.

तुमच्यासाठी आणखी एक. संशयित डागावर आम्ही फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी करतो. तुम्ही वर्गात आम्ल-अल्कलीसाठी वापरलं असेल तेच, फक्त रंग काढून घेतलेलं. डागाला टेकवलेल्या कापसावर आधी त्याचा थेंब, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा. दुसऱ्या थेंबानंतर लगेच गुलाबी झालं तर होकार. पहिल्याच थेंबाला गुलाबी झालं तर ते दुसरंच काहीतरी आहे. आणि अर्ध्या मिनिटाने सावकाश गुलाबी झालं तर ते मोजायचं नाही, कारण नुसत्या हवेनेही तसं होतं. मी हाताखालच्या मुलांना सांगायची, मोठ्याने आकडे मोजा, मनात नको. मनात मोजताना माणूस गुलाबी रंगाची वाट बघत हळू मोजतो.

प्रश्न : पुरावा कागदी पिशवीत का ठेवतात? प्लॅस्टिक जास्त सुरक्षित नाही का? (एक वकील)

प्लॅस्टिकमधून ओलावा बाहेर पडत नाही म्हणून. रक्ताने भिजलेला शर्ट प्लॅस्टिकमध्ये बंद केला की आत वाफ धरते, बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि डीएनए त्यांच्या पोटात जातो. शर्ट आधी वाळवायचा. पंखा नाही, ऊन नाही, हीटर तर नाहीच. बंद खोलीत, खाली स्वच्छ कागद अंथरून, एका वेळी एकाच माणसाचा कपडा. खाली पडलेली धूळ आणि केस त्या कागदासकट घडी घालून जपायचे. शर्टाची घडी घालतानाही रक्ताचा डाग कोऱ्या भागावर टेकणार नाही असा मध्ये कागद घालायचा, नाहीतर एका डागाचे दोन होतात आणि तो दुसरा कसा पडला हे सांगत तुम्हीच कोर्टात उभे राहता.

एक अपवाद आहे. आगीच्या ठिकाणची राख किंवा जळका गालिचा, ज्यात पेट्रोलचा संशय आहे, तो कागदात घातला तर पेट्रोल दोन दिवसांत उडून जाईल. त्यासाठी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा खास नायलॉनची पिशवी. साध्या पॉलिथिनमधूनही ती वाफ झिरपते.

मृताच्या हातांनाही कागदीच पिशव्या का बांधतात हे तुम्ही पुढे विचारलं आहे. नखांखाली झटापटीतली कातडी किंवा धागा असू शकतो, आणि प्लॅस्टिकमध्ये हाताला पाणी सुटतं.

प्रश्न : विज्ञान खोटं बोलत नाही, असं म्हणतात. मग कोर्टात वकील डीएनए आणि ठशांचा इतका कीस का काढतात? (एक बँक कर्मचारी)

काढू द्या. मी पाच-सहा वेळा त्या पिंजऱ्यात घाम पुसला आहे आणि तरीही म्हणते, काढू द्या.

आधी माझीच चूक ऐका. नोकरीचं दुसरं वर्ष. मऊ मातीत बुटाचा सुरेख ठसा, खोल, टाचेच्या कडेला एक चीर गेलेली. अशी चीर म्हणजे सोनं. तोच बूट सापडला तर ती चीर तिथे असायलाच हवी. मी कॅमेरा अगदी सरळ वरून धरला, चारही बाजूंनी तिरपा उजेड टाकला, सगळं केलं. मोजपट्टी मात्र ठशाशेजारी जमिनीवर ठेवली. ठसा दोन बोटं खोल होता. म्हणजे पट्टी कॅमेऱ्याच्या जवळ आणि ठशाचा तळ लांब. जवळची पट्टी मोठी दिसली, म्हणून तिने मोजलेला बूट खरा होता त्याहून लहान भरला. पट्टी ठशाच्या तळाच्या पातळीवर, शेजारी माती कोरून ठेवायची असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वर ढग आले होते आणि मी घाई केली. त्यात साचाही बिघडला. साच्यासाठी पाण्यात पातळ कालवलेली पूड ठशात थेट ओतायची नसते, बाजूला ओतून तिला आपसूक आत वाहू द्यायचं असतं. मी थेट ओतली आणि नेमकी टाचेची कड ढासळली. तो बूट पुढे सापडला. प्रयोगशाळेने लिहिलं, "मत देता येत नाही." विज्ञान खोटं बोललं नाही, मी त्याला बोलूच दिलं नाही.

आता माझ्याहून मोठ्यांची गोष्ट. एप्रिल २००७ मध्ये जर्मनीत हाइलब्रॉन इथे एका तरुण पोलीस शिपाई स्त्रीचा खून झाला. तिच्या गाडीत एका अज्ञात बाईचा डीएनए मिळाला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० ठिकाणी होता, जुन्या खुनांपासून किरकोळ चोऱ्यांपर्यंत. या बाईला कोणी पाहिलं नव्हतं आणि तिच्या गुन्ह्यांना एकमेकांशी ताळमेळ नव्हता. २००९ मध्ये एका जळालेल्या पुरुषाची ओळख पटवायची म्हणून त्याच्या जुन्या अर्जावरच्या बोटांच्या ठशांतून डीएनए काढला, तर तिथेही हीच बाई! तेव्हा शंका आली. ती बाई स्वॅब तयार करणाऱ्या कारखान्यात काम करत होती. कापूस निर्जंतुक होता, पण निर्जंतुक म्हणजे जंतू मेलेले. डीएनए त्याने जात नाही. डीएनए गोळा करायच्या साहित्यासाठी वेगळा आंतरराष्ट्रीय दंडक २०१६ मध्ये आला. आमच्याकडे तेव्हापासून प्रत्येक ठिकाणाहून एक कोरा स्वॅबही, कशालाही न लावलेला, सोबत पाठवायची माझी सक्ती होती. पोरं कुरकुरायची.

आणि ठसे. ११ मार्च २००४ ला स्पेनमध्ये माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. डेटोनेटर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवरचा एक ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगनमधल्या एका वकिलाचा ठरवला. एकाने नाही, तिथल्या तिघा तज्ज्ञांनी. स्पेनचे पोलीस सांगत होते की जुळत नाही. त्या वकिलाला दोन आठवडे डांबलं, आणि मग स्पेनने तो ठसा एका अल्जीरियन माणसाशी जुळवला. संगणकाला लाखो ठशांतून सर्वांत जवळचे काढायला सांगितलं होतं, आणि इतक्या गर्दीत अगदी जवळचा पण चुकीचा ठसा मिळतोच. मग पहिल्याने "जुळतो" म्हटलं, आणि दुसऱ्याने ते ऐकून पाहिलं. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. दुसऱ्याला पहिल्याचं मत सांगायचंच नसतं. सही करायला म्हणून दुसरा नेमला की तो सहीच करतो.

म्हणून ठसे टाकाऊ ठरत नाहीत. १८९२ मध्ये अर्जेंटिनात दोन लेकरांच्या खुनाचा आळ एका निरपराध माणसावर आला होता. दाराच्या लाकडावरच्या रक्ताळलेल्या अंगठ्याने खरा गुन्हेगार उघड केला, आणि ती त्या मुलांची आईच निघाली. तो ठसा घेताना पोलिसाने दाराचा तेवढा तुकडा करवतीने कापून नेला होता. मला ते वाचल्यापासून त्या माणसाबद्दल फार आदर आहे. उचलता येत नसेल तर दार न्या.

प्रश्न : मृतदेहाभोवती खडूने रेघ मारतात ती कशासाठी? (एक शालेय विद्यार्थी)

मारत नाही रे. जिथे एक कणसुद्धा बाहेरून यायला नको तिथे आपणच खडू कसा घासणार? फोटो आणि मोजमापं पुरतात.

प्रश्न : मला या क्षेत्रात यायचं आहे. कोणता विषय घेऊ? घरचे म्हणतात, मुलीचं काम नाही. (रसायनशास्त्राची विद्यार्थिनी)

रसायनशास्त्र आहे तेच चालेल. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, काहीही. त्याखेरीज फोटोग्राफी शीक, आणि मोबाइलवरची नको. उजेड आणि कोन हाताने ठरवायची सवय हवी. अक्षर सुवाच्य कर. तू लिहिलेलं लेबल आठ वर्षांनी परका माणूस वाचणार आहे. आणि "कदाचित" कुठे लिहायचं ते शीक. "लाल डाग" लिही, "रक्त" लिहू नकोस. "पिवळ्या धातूची अंगठी" लिही, "सोन्याची" लिहू नकोस. गुडघे सांभाळ. पथकातून निवृत्त झालेल्या दहाजणांपैकी नऊजण गुडघे धरूनच उठतात. निम्मं आयुष्य जमिनीवर रांगण्यात जातं.

मुलीचं काम की मुलाचं याबद्दल घरच्यांना एवढंच सांग की ब्रश हलका धरता आला पाहिजे, आणि सोळा तास उभं राहता आलं पाहिजे. बाकी कोणी काही विचारत नाही.

प्रश्न : मॅडम, रागावू नका. एवढं सगळं बघून घरी गेल्यावर झोप लागते का? (नाव न देणारे एक वाचक)

लागते. कामात असताना माणूस दिसत नाही, क्रमांक दिसतात. क्रमांक १ पेला, क्रमांक २ चप्पल. हे कोरडेपण शिकावं लागतं आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. रडणारा माणूस मोजपट्टी वाकडी धरतो.

पण एक सकाळ सांगते. रात्रभर एका घरात काम चाललं होतं. राहणारे गृहस्थ एकटे होते आणि त्यांना नेऊन चार तास झाले होते. आम्ही बैठकीची खोली उरकून झोपायच्या खोलीच्या दारात होतो. तिथला एकही फोटो अजून काढला नव्हता. साडेसहाला उशाजवळचं घड्याळ वाजायला लागलं. साधं, बॅटरीवर चालणारं. बंद करायला कोणी जाऊ शकत नव्हतं. वाट आखली नव्हती, आणि त्या बटणाला शेवटचा हात कोणाचा लागला होता ते आम्हाला हवं होतं. आम्ही चौघं दारात उभे राहिलो. ते वाजलं, थांबलं, पाच मिनिटांनी परत वाजलं. परत थांबलं. फोटोग्राफर मुलगा पुटपुटला, "उठत का नाहीत?" आणि मग त्याचं त्यालाच कळलं.

माझी पाळी घड्याळापर्यंत यायला पाऊण तास लागला. बटणावरून स्वॅब घेतला, आणि नियमाप्रमाणे माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहिली. उशीर होऊ नये म्हणून कितीतरी माणसं घड्याळ थोडं पुढे लावून ठेवतात, तसं ते होतं. लेबलवर लिहिलं : क्रमांक ३१, टेबलावरचं गजराचं घड्याळ, चालू, ४ मिनिटं पुढे.